बांबूची चोच

मुलांनो, तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोहोचल्याचं मला घरच्या ग्रुपवरून कळलं. तळ्याच्या बांधावर पांढऱ्या केसांची एक बाई काठी उगारून ओरडते आहे, "हात लावून दाखव!" आणि समोर हातात करवत घेतलेला वॉचमन कावराबावरा उभा आहे. पुढचं-मागचं काही नाही. त्याखाली तुम्ही दोघांनी हसरी तोंडं टाकलीत. थोरलीने लिहिलं, "आजी फॉर्मात." धाकट्याने विचारलं, "एका बांबूसाठी एवढं?" नंतर फोनवर थोरली मला समजावत होती, "आजी, नियम बदलला की बदलला. इकडे आम्ही सगळे बोटीचा हलच मोजतो. चिल."

मी चिल होणार नाही. एक तर तो व्हिडिओ कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये राहणार, आणि त्याच्या आधी काय झालं ते मी लिहिलं नाही तर राहणार नाही. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. थोरले, तू तिकडच्या क्लबात यंदापासून लहान मुलांच्या शर्यतींना पंच म्हणून उभी राहणार आहेस. तुझ्या हातात निशाण येण्याआधी हे तू वाचावंस, अशी माझी इच्छा आहे. धाकट्याने नुसतं वाचलं तरी चालेल.

सोलापुरात शिडाच्या बोटी म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक हसतात. "तुमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि तुम्ही बोटी कशावर चालवता?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मी आधीच हसून मोकळी होते. पण शहराबाहेर आपलं तळं आहे, पाऊस बरा झाला की ते फेब्रुवारीपर्यंत भरलेलं असतं, आणि त्यावर वारा असतो. तुमचे आजोबा मुंबईला बंदरात नोकरीला होते तेव्हा तिथल्या खाडीत शीड चालवायला शिकले. निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा मोटारगाडी घेतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी प्लायवूड आणलं. अंगणात पहिली बोट झाली, मग दुसरी. शिडं शिवायला मांडववाला शिंपी मिळाला. पहिल्या शिडावर लग्नाच्या मांडवाची गुलाबी फुलं होती आणि ती बोट बरीच वर्षं 'नवरी' म्हणूनच ओळखली जात होती.

चोच ही त्यांचीच कल्पना. आपल्या तळ्यावर वारा सरळ येत नाही. बांधावरून उडी मारतो, खाली आपटतो, मध्येच दिशा बदलतो. शीड चालवणाऱ्याला वारा कुठून येतोय हे शिडाच्या पुढे, मोकळ्या हवेत कळायला हवं. म्हणून त्यांनी प्रत्येक बोटीच्या नाकाडाला हातभर बांबू बसवला आणि त्याच्या टोकाला कापडाची पट्टी बांधली. पट्टी माझ्या एका लाल इरकलीच्या काठाची. मुलं त्या बांबूला चोच म्हणू लागली.

शर्यतीचा शेवट पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. बांधावर चुना फासलेला लोखंडी खांब, पाण्यात निळं प्लास्टिकचं पिंप, आणि या दोघांमधली न दिसणारी रेघ, तीच सुरुवातीची आणि तीच शेवटची. मी खांबाला टेकून बसायची. बोटीचा सगळ्यात पुढचा भाग रेघेवर आला की शिट्टी. आपल्या बोटींचा सगळ्यात पुढचा भाग म्हणजे चोच, त्यामुळे तळ्यावर शर्यत चोचीने सुरू व्हायची आणि चोचीने संपायची.

आणखी एक काम माझ्याकडे होतं, आणि ते मला शिट्टीपेक्षा प्रिय होतं. या खेळाच्या नियमांचं पुस्तक दर चार वर्षांनी नवं निघतं. ते इंग्रजीत असतं, आणि इंग्रजीही अशी की कायद्याच्या पदवीधराला घाम फुटावा. मी मिशनच्या शाळेत शिकले, पुढे आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. तेवढ्या जोरावर मी नवं पुस्तक आलं की ते मराठीत उतरवायची आणि एका रविवारी शेडमध्ये मुलांना बसवून वाचून दाखवायची. काय होतं, काय झालं, का झालं. मुलं वाद घालायची. एकदा एका पोराने विचारलं, "आजी, हे सगळं लिहिणाऱ्यांनी कधी बोट चालवली हाय का?" मी म्हटलं, चालवली म्हणूनच एवढी भांडणं आठवली त्यांना. पण त्या रविवारनंतर तळ्यावर नियम माहीत नाही असं कुणी म्हणू शकत नसे.

आजोबा गेले. माझे गुडघे गेले, मग मोतीबिंदू. शिट्टी मी आपणहून दिली, त्याचं दुःख नाही. कोरोनाच्या काळात शर्यती बंद पडल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा क्लबावर नवी समिती होती आणि नवे अध्यक्ष होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. कडक इस्त्री, गळ्यात शिट्टी, हातात कर्णा. त्यांनी कुणाकडून तरी देणगी मिळवून दोन फायबरच्या पांढऱ्या बोटी आणल्या. चांगल्या आहेत बोटी, खोटं कशाला बोलू. मी त्यांना विचारलं, नवीन पुस्तकाचं वाचन कधी ठेवायचं? ते म्हणाले, "आता वाचन वगैरे नको, मॅडम. ग्रुपवर पीडीएफ टाकलीय. ज्याने त्याने वाचायची."

इंग्रजी पीडीएफ. बिडी कामगारांच्या, यंत्रमागवाल्यांच्या, शेतकऱ्यांच्या पोरांनी. ज्याने त्याने.

आता तो नियम, ज्यावरून हे सगळं झालं. पूर्वी असं होतं की बोटीचा कुठलाही भाग, त्यावरचा माणूस किंवा नेहमीच्या जागी असलेलं सामान, यांपैकी जे आधी रेघ ओलांडेल ते धरायचं. मग बोटींना पुढे लांब दांडे आले, दांड्यांवर फुगणारी शिडं आली, आणि कुणाचं काय आधी गेलं हे पंचांना दिसेना. म्हणून नियम बदलला. आता फक्त बोटीचं धड मोजायचं. तू हल म्हणतेस ते. दांडा, शीड, पुढे काढलेला हात, काही नाही. हा बदल मागच्या पुस्तकात आला आणि ताज्या पुस्तकात तसाच राहिला. बदल चांगला आहे, आजोबा असते तर त्यांनी सगळ्यात आधी मान डोलावली असती. माझा राग नियमावर आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते आधी डोक्यातून काढा.

नीट विचार करा. जुन्या नियमात चोच असलेल्या बोटीला सुरुवातीला तोटा होता. चोच रेघेच्या आत ठेवायची म्हणून तिला बाकीच्यांपेक्षा हातभर मागे थांबावं लागे. शेवटी तोच हात तिला परत मिळे. नव्या नियमात चोच सुरुवातीलाही नाही आणि शेवटीही नाही. म्हणजे जुना नियम पाळा, हिशेब बरोबर. नवा पाळा, हिशेब बरोबर. एकाच शर्यतीत अर्धा हा आणि अर्धा तो पाळलात, तर चोचवालीचं दोन्हीकडून नुकसान. यात कळायला अवघड काय आहे?

शर्यत संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. राज्याच्या स्पर्धेसाठी तळ्यावरून एकच नाव जाणार होतं, मुंबईला, समुद्रावर. ते नाव कुणाचं, हे ठरवणारी ही शर्यत.

त्यात एक मुलगी होती. कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत राहते, आई बिड्या वळते, घरात तेलुगू. पहिल्यांदा तळ्यावर आली ती कुणा चुलतभावाला डबा द्यायला, आणि डबा हातातच ठेवून 'नवरी'त चढून बसली. 'नवरी' आता तिच्याकडेच असते. गुलाबी फुलं केव्हाच गेली, बोटीची दोनदा डागडुजी झाली, पण चोच तीच. मुलगी हट्टी आहे, उलट उत्तरं देते, आणि वाऱ्याचा वास तिला माझ्याआधी येतो. पुढच्या वर्षी ती वयोमर्यादेबाहेर जाणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. तिने समुद्र पाहिलेला नाही. मी तिला विचारलं होतं, भीती वाटते का? म्हणाली, "आजी, तिथं पाणी संपत नाही म्हणतात. मग वळायचं कुठं?"

मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, रेघेच्या अगदी समोर. मोतीबिंदू काढल्यापासून मला लांबचं लख्ख दिसतं. सुरुवातीचं निशाण खाली आलं, भोंगा वाजला. 'नवरी'ची चोच रेघेच्या पलीकडे होती, धड अलीकडे. स्वच्छ अलीकडे. पाण्याची पट्टी दिसत होती मध्ये. लगेच दुसरा भोंगा, आणि परत बोलावण्याचं निशाण वर गेलं, पांढऱ्यावर निळा क्रॉस. अध्यक्षांचा कर्णा गरजला, "'नवरी'! परत फिर! चोच पुढे गेलीय!"

मुलगी काय करणार? ती चोचीच्याच तळ्यावर वाढलेली. तिने खाली मान घालून बोट वळवली, रेघेमागे आली आणि पुन्हा निघाली. तोवर बाकीच्या बोटी वळणाच्या पहिल्या पिंपाच्या अर्ध्या वाटेवर होत्या.

नंतर तिने जे केलं ते तुम्ही पाहायला हवं होतं. सगळे बांधाच्या बाजूने गेले, कारण बांधालगत पाणी शांत असतं. ती एकटी ज्वारीच्या शेतांच्या बाजूला गेली. कणसं हलताना तिने पाहिली असणार. तिकडचा वारा तिने धरला आणि एकेक बोट मागे टाकत आली. शेवटच्या पट्ट्यात तिच्यापुढे फक्त एक पांढरी फायबरची बोट होती, आणि त्यात एक चांगला मुलगा, मोडनिंबकडचा. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. दोघं एकदम आले. आधी लाल पट्टी रेघेवरून गेली. मग पांढऱ्या बोटीचं नाक. मग 'नवरी'चं धड.

शिट्टी पांढऱ्या बोटीला वाजली.

मुलीने आधीच हात वर केला होता. तो तसाच राहिला. "सर, माझी चोच आधी गेली की!" ती ओरडली. अध्यक्ष कर्ण्यातूनच बोलले, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं, "आता धड मोजतात, बेटा. नवा नियम. पीडीएफ वाचली नाही वाटतं?"

बांधावरचे लोक हसले.

एकच बांबू. सुरुवातीला पुढे गेला म्हणून तिला मागे पाठवलं, आणि शेवटी तोच पुढे आला तर म्हणे आम्ही बांबू मोजत नाही. हे त्या माणसाने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर मला इतका राग आला नसता. लबाडाशी कसं वागायचं ते मला कळतं. त्यांनी नियम अर्धा वाचला होता. शेवटाचं वाक्य वाचलं आणि सुरुवातीचं वाचायचं राहिलं. दोन्ही वाक्यं एकाच पानावर आहेत.

मुलगी काठावर आली तशी मी तिला गाठलं. म्हटलं, "ऐक. सुरुवातीला तुझी चूक नव्हती. पंचांची होती. नियमात दाद मागायची सोय आहे. दोन तासांत लिहून द्यायचं. चल, मी मराठीत सांगते, तू लिही."

तिचे डोळे भरून आले, पण बोलली ती खणखणीत, "म्हणजे मी पहिली?"

"निदान तुझं ऐकून तरी घ्यावं लागेल त्यांना."

एवढ्यात शेडमधून हाक आली, "पोरींनो, चला, वाढायला घ्या!"

शर्यतीनंतर आपल्याकडे पंगत असते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही लहानपणी त्यात शेंगाचटणी खाऊन ठसका लागून रडला होतात. आजोबांच्या वेळी वाढायला मोठी माणसं असत आणि बोटीवरून उतरलेली पोरं आधी बसत. मुलगे, मुली, सगळी. या नव्या समितीने त्यात सुधारणा केली होती. मुलगे पाहुण्यांबरोबर बसले. शर्यतीत उतरलेल्या दोन्ही मुलींच्या हातात भाकऱ्यांच्या टोपल्या दिल्या गेल्या. ओले कपडेही बदलले नव्हते त्यांनी.

त्यात प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आल्याशिवाय पंगत सुरू होणार नव्हती, आणि ते आले नव्हते. ते आले तेव्हा फेटा बांधणं झालं, चादर पांघरून सत्कार झाला, मग त्यांचं भाषण झालं. भाषणात ते म्हणाले की आपल्या मुली आज कुठेच मागे नाहीत. ती मुलगी तेव्हा त्यांच्या मागेच उभी होती, टोपली घेऊन.

मी उठून तिच्याजवळ गेले. "टोपली दे इकडे. जा, लिही."

"आजी, पंगत बसलीय. अर्धी पंगत सोडून कसं जाऊ?"

"शर्यत अर्धी सोडून मागे फिरता येतं, पंगत सोडून नाही?"

तिची आई शेजारीच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती लेकीची शर्यत बघायला म्हणून कामाचा खाडा करून आली होती आणि आल्या आल्या तिलाही तांब्या मिळाला होता. ती म्हणाली, "अम्मा, जेवू द्या की त्यांना. जेवणाऱ्याच्या ताटापुढं भांडण नेलं तर उद्या हिला तळ्यावर कोण येऊ देईल? पोट भरलं की माणूस ऐकतो."

"ऐकेल, पण वेळ गेलेली असेल," मी म्हटलं.

"वेळ काय, अम्मा, ती आपलीच माणसं हायत की."

मला तिचा राग आला नाही. आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्याच्या वेळेवर बिड्या मोजून दिल्या, तिला आपल्या वेळेचीही किंमत असते हे कुणी सांगितलंय? पण लेक आईकडे बघत होती आणि माझ्याकडेही. मग तिने टोपली उचलली आणि पुढच्या पानावर भाकरी टाकली. वाढप्याने पंगत अर्धी सोडायची नाही. ती शिकवण आपणच देतो पोरींना, आणि मग त्या पोरीचे भाकऱ्या वाढता वाढता दोन तास निघून गेले.

शेवटचं पान उचललं तेव्हा मुलीने हात धुतले आणि तिथेच बाकावर बसून लिहिलं. सुरेख लिहिलं, चार ओळी. 'सुरुवातीला माझ्या बोटीचं धड रेघेच्या आत होतं. फक्त चोच बाहेर होती. नवा नियम धडाचा आहे. तो मला सुरुवातीला लावला नाही आणि शेवटी लावला.' याहून स्पष्ट मीही लिहिलं नसतं.

अध्यक्षांनी कागद वाचला. मग घड्याळ पाहिलं.

"वेळ उलटून गेली की, बेटा."

"सर, मी वाढत होते."

"ते ठीक आहे. पण नियम म्हणजे नियम."

मग मी बोलले. मी म्हटलं, नियमच सांगते. योग्य कारण असेल तर समितीने वेळ वाढवून द्यावी, असं त्याच पुस्तकात लिहिलंय. 'देता येईल' असं नाही लिहिलेलं. 'द्यावी' असं आहे.

"योग्य कारण म्हणजे, मॅडम, बोट उलटली, माणूस जखमी झाला. भाकरी वाढणं हे काय कारण झालं? घरचंच कार्य आहे हे."

"घरचं कार्य होतं तर मुलगे का नाही वाढायला उठले?"

"आता तुम्ही विषय भलतीकडे नेताय."

"विषय तिथेच आहे. टोपली कुणी दिली तिच्या हातात? पाहुण्यांसाठी पंगत कुणी थांबवली? तुम्हीच तिचा वेळ खाल्लात आणि तुम्हीच घड्याळ दाखवताय."

समितीत एक क्रीडाशिक्षक आहेत. भले माणूस आहेत. ते खाली बघून खिशातली बडीशेप चघळत होते. मी त्यांना विचारलं, "सर, सुरुवातीला चोच मोजली ते बरोबर होतं का?" ते म्हणाले, "तसं बघायला गेलं तर..." आणि अध्यक्षांकडे बघून थांबले. ते वाक्य त्यांनी अजून पूर्ण केलेलं नाही.

कागद परत दिला गेला. नाव मोडनिंबच्या मुलाचं गेलं. वर दाद मागायचीही सोय नियमात आहे, म्हणून मी मेल लिहून मुलीच्या नावाने पाठवली. पोहोच आली, उत्तर आलं नाही. मधल्या काळात मुंबईची स्पर्धा होऊन गेली. मुलाचा तिथे शेवटून तिसरा नंबर आला. तो परत आला तेव्हा मुलीने त्याला एकच प्रश्न विचारला, पाण्याचा रंग कसा होता. त्याने सांगितलं, मातकट. ती म्हणाली, "मग आपल्यासारखाच की," आणि निघून गेली. मला ते ऐकवलं नाही.

आता तो व्हिडिओ.

समितीने ग्रुपवर एक सूचना टाकली. यापुढे वाद होऊ नयेत म्हणून सर्व जुन्या बोटींच्या चोची काढून टाकण्यात येतील. का, तर नव्या नियमात चोचीला स्थान नाही.

इथे माझं डोकं खरोखर फिरलं. मुलांनो, चोच मोजायची नाही असं नियम म्हणतो. चोच असू नये असं तो कुठेही म्हणत नाही. शाळेत वहीच्या समासाला मार्क नसतात, म्हणून काय कुणी समास फाडून टाकतं? पंचांनी चूक केली. ती कबूल करायची सोडून बांबूला शिक्षा. आणि त्या पट्ट्या वारा बघायला होत्या! तळ्यावरची पोरं आता वारा कशावर बघणार, पीडीएफवर?

रविवारी रिक्षा करून मी तळ्यावर गेले. वॉचमन अक्कलकोटकडचा आहे, अर्धं कानडी बोलतो. त्याने बाकीच्या बोटींच्या चोची कापून बांधावर सरपणासारख्या रचल्या होत्या आणि तो 'नवरी'शी उभा होता. तेव्हा मी काठी उगारली आणि तुम्ही पाहिलंत ते ओरडले. व्हिडिओ कुणी काढला मला माहीत नाही. काढणाऱ्याने तिथेच बंद केला, म्हणून पुढचं सांगते.

वॉचमन म्हणाला, "अज्जी, माझ्यावर कशाला? मी हुकमाचा माणूस. साहेबांनी कापा म्हटलं, मी कापतो."

"साहेबांना म्हणावं, नियम दाखवा."

"मी त्यांना काय म्हणणार, अज्जी!"

एवढ्यात मुलगी आली. तिने माझ्या हातातली काठी घेतली आणि बाजूला ठेवली. "आजी, मामांचा काय दोष? ओरडू नका, तुमचं बीपी वाढेल." मग ती 'नवरी'च्या नाकाडावर चढली आणि चोचीच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसली. "आता कापा, मामा."

वॉचमनने कपाळाला हात लावला. पोरं जमली, मोडनिंबचा मुलगाही. मुलगी वरूनच म्हणाली, "आजी, पूर्वी तुम्ही शेडमध्ये वाचायच्या म्हणतात. ते आत्ता वाचा. मराठीत."

मी पिशवीतून टॅब काढला आणि वाचलं. सुरुवात म्हणजे काय, शेवट म्हणजे काय. एकेक वाक्य इंग्रजीत आणि मग मराठीत. चाळीस वर्षं वर्गात शिकवताना आवाज जसा लागायचा तसा लागला. मोडनिंबच्या मुलाने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी हिला परत बोलवायला नको होतं?" मी म्हटलं, नको होतं. तो उठून माझ्या जवळ येऊन बसला आणि टॅबमध्ये डोकावू लागला. मी त्याला ते वाक्य बोटाने दाखवलं.

वॉचमन उन्हात उभा होता. शेवटी त्याने करवत गोणपाटात गुंडाळली. "पातं मोडलं म्हणून सांगतो साहेबांना," तो म्हणाला. "जुनंच हाय, मोडतंच."

"आणि नवं पातं दिलं तर?" मुलीने विचारलं.

"तेबी मोडंल की."

अध्यक्षांनी अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही, आणि मीही वाट बघत नाही. सुरुवातीची चूक त्यांनी कुणाजवळही मान्य केलेली नाही. मुलगी पुढच्या वर्षी वयोमर्यादेबाहेर जाईल. मुंबईची ती एक जागा तिला पुन्हा मिळणार नाही, कुणीही काहीही केलं तरी. हे लिहून माझा राग कमी होईल असं वाटलं होतं. झालेला नाही. थोरले, निशाण वर करण्याआधी दोन्ही वाक्यं वाच, आणि समोरच्या मुलाला ती कळतील अशा भाषेत आधी सांग. मग खुशाल वर कर.

'नवरी'ची चोच शाबूत आहे. तिच्यावर नवी पट्टी बांधली, त्याच लाल इरकलीच्या उरलेल्या काठाची. रविवारी मुलगी बोट बाहेर काढते तेव्हा ती वाऱ्यावर फडफडते.